खिशातील तार

१९०९ सालच्या जानेवारी महिन्यातील गोष्ट आहे. गुजरातेतील आणंद येथे एका खुनाच्या खटल्याचे काम चालू होते. आरोपीचे वकील तेहेतीस वर्षांचे होते. अंगलट मजबूत, नजर स्थिर, ओठ घट्ट मिटलेले. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या इसमास ते एकामागून एक प्रश्न विचारीत होते.

विरुद्ध पक्षाच्या साक्षीदारास असे प्रश्न विचारण्याला उलटतपासणी म्हणतात. हे काम मोठे नाजूक असते. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचे बीज असते, दुसऱ्याच्या उत्तरात तिसऱ्याचे. खोटे बोलणारा साक्षीदार या प्रश्नांच्या जाळ्यात हळूहळू गुरफटत जातो. परंतु मध्येच खंड पडला, तर त्याला विचार करण्यास उसंत मिळते आणि तो सावरतो. शिवाय असा साक्षीदार सतत वकिलाच्या तोंडाकडे पाहत असतो. आपले कोणते उत्तर वकिलास रुचले, कोणते बोचले, हे तो त्या तोंडावर वाचू पाहतो. म्हणून चांगला वकील आपल्या मुद्रेवर काही उमटू देत नाही. त्यातून हा खटला खुनाचा. आरोपी आणि फाशीचा दोर यांच्यामध्ये त्या वेळी त्या वकिलावाचून दुसरे कोणी उभे नव्हते.

काम असे ऐन रंगात आले असता कोणीतरी वकिलांच्या हाती एक तार आणून दिली. त्यांनी ती उघडली, वाचली, तिची घडी घातली, खिशात ठेवली आणि साक्षीदारास पुढचा प्रश्न विचारला. आवाज चढला नाही की पडला नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून कोणासच काही कळले नाही. न्यायालयाचे काम संपल्यावर मग इतरांना कळले, की मुंबईच्या रुग्णालयात त्यांच्या पत्नीचे देहावसान झाल्याची ती तार होती.

हे वकील म्हणजे वल्लभभाई झवेरभाई पटेल. पुढे साऱ्या देशाने ज्यांना सरदार म्हणून ओळखले, ते हेच.

ही हकीकत गुजरातेत घरोघर सांगितली गेली आणि आजही सांगितली जाते. ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना तिचे कौतुक वाटते. कित्येकांना मात्र ती ऐकून अंगावर काटा येतो. पत्नीच्या मृत्यूची वार्ता वाचूनही ज्याची पापणी लवली नाही, त्या माणसाला हृदय होते की नव्हते, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र एका प्रसंगावरून देता येण्यासारखे नाही.

वल्लभभाईंचा जन्म नडियाद या गावी आजोळी झाला. त्यांची जन्मतारीख ३१ ऑक्टोबर १८७५ अशी मानतात. वडील झवेरभाई हे खेडा जिल्ह्यातील करमसद येथील शेतकरी होते, आई लाडबा. शेताकडे जाता-येता वडील त्यांच्याकडून पाढे म्हणवून घेत. घरची स्थिती बेताचीच होती. पाच भाऊ आणि एक बहीण अशा त्या घरात कोणी कोणाचे फाजील लाड करावेत, अशी सवड नव्हती.

लहानपणी त्यांच्या काखेत एक गळू झाले. तापविलेल्या सळईने ते फोडण्याचा उपाय त्या काळी खेड्यापाड्यांत करीत. सळई तापून लाल झाली, परंतु एवढ्याशा पोराच्या अंगाला ती लावण्यास माणसाचा हात धजेना. तेव्हा वल्लभने ती सळई स्वतःच्या हातात घेतली आणि गळू फोडून टाकले. पाहणारे कळवळले, तो कळवळला नाही. वेदना झाली नसेल असे कोण म्हणेल? पण वेदना होणे निराळे आणि ती दाखविणे निराळे, हा भेद त्या मुलाला तेव्हापासूनच साधला होता.

मॅट्रिकची परीक्षा ते १८९७ साली, बाविसाव्या वर्षी उत्तीर्ण झाले. पुढे शिकण्यास पैसा नव्हता. म्हणून ओळखीच्या वकिलांकडून कायद्याची पुस्तके उसनी आणून त्यांनी घरीच अभ्यास केला आणि १९०० साली ते डिस्ट्रिक्ट प्लीडर झाले. गोध्रा येथे त्यांनी बिऱ्हाड केले. पत्नी झवेरबा तेथेच प्रथम त्यांच्या संसारात आल्या. भांडीकुंडी उसनवारीने जमविलेला तो संसार होता. तेथे प्लेगची साथ आली. न्यायालयातील एका स्नेह्यास प्लेगने गाठले, तेव्हा वल्लभभाईंनी त्याची शुश्रूषा केली. स्नेही वाचला नाही आणि वल्लभभाईंनाही गाठ आली. त्यांनी झवेरबांना सुरक्षित ठिकाणी धाडून दिले आणि स्वतः नडियादजवळच्या एका पडक्या देवळात जाऊन राहिले. बरे होईपर्यंत ते तेथे एकटेच होते. पत्नीला दूर धाडताना त्यांच्या चेहऱ्यावर काय होते, हे पाहण्यास तेथे दुसरे कोणी नव्हते. त्यांनी तिला स्वतःजवळ येऊ दिले नाही, एवढे मात्र खरे.

पुढे ते बोरसद येथे वकिली करू लागले. फौजदारी खटल्यांत त्यांचा चांगला जम बसला. विलायतेस जाऊन बॅरिस्टर व्हावे, अशी त्यांची फार दिवसांची मनीषा होती. त्यासाठी त्यांनी पै-पै साठविली आणि प्रवासाची व्यवस्था करणाऱ्या कंपनीशी पत्रव्यवहार केला. १९०५ साली त्या कंपनीचे पत्र आले. परंतु त्यावर नाव होते व्ही. जे. पटेल. थोरले बंधू विठ्ठलभाई हेही बोरसदलाच वकील होते आणि त्यांच्या नावाची आद्याक्षरेही तीच. पत्र त्यांच्या हाती पडले. आपण वडील आहोत, तेव्हा आधी आपण जावे हे बरे, असे त्यांनी धाकट्या भावास सांगितले. वल्लभभाईंनी ते मान्य केले. एवढेच नव्हे, तर विठ्ठलभाईंच्या विलायतेच्या खर्चाचा भारही त्यांनी उचलला. घडले त्याबद्दल त्यांनी कुरकुर केली नाही. जी इच्छा त्यांनी इतकी वर्षे उराशी बाळगली होती, ती पुरी होण्यास आणखी पाच वर्षे लागली.

मध्यंतरी ते दुःखद प्रकरण घडले. झवेरबांना पोटाचा विकार जडला. शस्त्रक्रियेसाठी वल्लभभाईंनी त्यांना मुंबईस नेऊन रुग्णालयात ठेवले. शस्त्रक्रिया लगेच होणार नव्हती आणि इकडे आणंदच्या खटल्याची तारीख आली होती. आरोपीने सर्वस्वी त्यांच्यावर भिस्त टाकलेली. म्हणून ते परतले. पुढे शस्त्रक्रिया ठीक पार पडल्याचे त्यांना कळलेही. परंतु प्रकृती एकाएकी ढासळली आणि ११ जानेवारी १९०९ रोजी झवेरबा गेल्या. त्या वेळी मुलगी मणिबेन सहा वर्षांचीही नव्हती. मुलगा डाह्याभाई नुकता तीन वर्षांचा झाला होता.

त्या दिवशी न्यायालयात ते मध्येच थांबले असते, तर कोणी दोष दिला असता काय? न्यायाधीशांनी काम तहकूब केले असते, सर्वांनी हळहळ व्यक्त केली असती. परंतु गेलेली पत्नी परत आली नसती आणि पिंजऱ्यातील साक्षीदाराला सावरण्यास वेळ मिळाला असता. वल्लभभाईंनी हा हिशेब तार वाचता वाचताच केला असला पाहिजे. घडी घालून खिशात ठेवलेली ती तार त्यांना जड वाटली नसेल, असे मानण्यास काहीच आधार नाही. उलट आधार आहे तो दुसऱ्या बाजूला. आप्तेष्टांनी पुष्कळ आग्रह केला, पण तेहेतिसाव्या वर्षी विधुर झालेल्या या माणसाने पुन्हा लग्न केले नाही. त्या काळी ही गोष्ट साधी नव्हती.

१९१० साली ते विलायतेस गेले. पुस्तके विकत घेणे परवडत नसल्यामुळे ते रोज आपल्या खोलीपासून मिडल टेंपलच्या ग्रंथालयापर्यंत कित्येक मैल पायी जात आणि ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचीत बसत. तेथे असता त्यांच्या पायाला नारूने पछाडले. शस्त्रक्रियेच्या वेळी गुंगीचे औषध न घेता त्यांनी तोंडातून हूं की चूं न काढता ती सहन केली. शस्त्रवैद्यालाही त्याचे नवल वाटले. परीक्षेत ते पहिल्या वर्गात आले आणि १९१३ साली बॅरिस्टर होऊन परतले.

यानंतरचे त्यांचे बिऱ्हाड अहमदाबादेस होते. विलायती पोशाख, तोडीस तोड उत्तर देणारी जीभ आणि संध्याकाळी गुजरात क्लबात पत्त्यांचा ब्रिज नावाचा डाव, असा त्यांचा क्रम असे. या खेळात ते वाकबगार होते यात आश्चर्य नाही. हातातील पाने तोंडावर उमटू न देणे हे त्या खेळात फार कामाला येते! १९१६ साली गांधीजी त्या क्लबात आले, तेव्हा वल्लभभाईंनी त्यांची थट्टाच केली. पुढे चंपारणातील गांधीजींचे कार्य पाहून त्यांचे मत पालटले. १९१८ च्या खेडा सत्याग्रहात ते विलायती पोशाख उतरवून धोतर-सदऱ्यात शेतकऱ्यांच्या गावोगाव हिंडले. १९२८ साली बार्डोलीत सरकारने साऱ्यात सुमारे बावीस टक्के वाढ केली, तेव्हा तेथील शेतकऱ्यांचा लढा त्यांनीच चालविला आणि जिंकला. सरदार हे नाव त्यांना तेथे मिळाले. त्यांच्या सभांना जमलेले शेतकरी त्यांच्या विनोदाने पोट धरधरून हसत. वक्ता मात्र तसाच गंभीर उभा राही.

घरात मात्र या मिटलेल्या ओठांची किंमत दोन लेकरांना मोजावी लागली. झवेरबांच्या पश्चात मणिबेन आणि डाह्याभाई यांचे शिक्षण मुंबईस, वडिलांपासून दूर झाले. त्या काळच्या एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या मुलांना जवळ घेण्याची रीत नव्हती. त्यात वल्लभभाई मुळातच अबोल. मोठेपणीही पितापुत्रीत मनमोकळे बोलणे असे फारच थोडे होई. मणिबेननी त्यावर आपल्या परीने उपाय शोधला. त्या वडिलांच्या सावलीसारख्या राहू लागल्या. वडिलांचे कपडे स्वतः कातलेल्या सुताच्या खादीचे करावयाचे, त्यांचे पथ्यपाणी सांभाळावयाचे आणि त्यांच्याकडे कोण आले, काय ठरले, हे रोजनिशीत टिपून ठेवावयाचे, असा त्यांचा परिपाठ अनेक वर्षे चालला. दोघेही एकाच मुशीतील. माया दोघांनाही बोलून दाखविता येत नव्हती.

ही माया जगाला दिसली ती पुण्याजवळच्या येरवड्याच्या तुरुंगात. १९३२ च्या जानेवारीपासून सुमारे सोळा महिने वल्लभभाई तेथे गांधीजींसमवेत होते. रद्दी कागदांची पाकिटे करावीत, गांधीजींसाठी दातण कुटून द्यावे, फळे सोलून द्यावीत, ही कामे हा पोलादी म्हणविला जाणारा पुरुष नित्यनेमाने करी. उतारवयात तेथे त्यांनी संस्कृत शिकण्यास आरंभ केला. त्यांच्या विनोदांनी तुरुंगाच्या भिंतीही हसाव्यात, असे ते दिवस गेले. सुटून आल्यावर गांधीजींनी सर्वांना सांगितले, की वल्लभभाईंच्या शौर्याची त्यांना आधीपासून ओळख होती, परंतु त्यांच्या अंगी आईची माया आहे हे त्यांना तुरुंगातच कळले. याच कारावासात लाडबा निवर्तल्याची वार्ता वल्लभभाईंना ऐकावी लागली. त्यांनी तीही मुकाट्याने सोसली.

पुढच्याच वर्षी त्यांना नाशिकच्या तुरुंगात ठेवले होते. विठ्ठलभाई उपचारासाठी युरोपात गेले होते; तेथेच, जिनीव्हाजवळ, २२ ऑक्टोबर १९३३ रोजी त्यांचा अंत झाला. दोघा भावांच्या राजकारणाच्या वाटा तोपर्यंत निराळ्या झाल्या होत्या, परंतु भाऊ तो भाऊच. मृतदेह बोटीने मुंबईस आणण्यात आला. अंत्यविधीसाठी वल्लभभाईंना काही दिवस सोडण्यास सरकार तयार होते, पण अटी घालून. त्या अटी मान्य करून बाहेर पडणे त्यांना स्वाभिमानास सोडून वाटले. ते तुरुंगातच राहिले. विठ्ठलभाईंची इच्छा चौपाटीवर लोकमान्य टिळकांना जेथे अग्नी दिला, तेथेच आपले दहन व्हावे अशी होती. तिला परवानगी मिळाली नाही आणि सोनापूरच्या स्मशानात त्यांना अग्नी देण्यात आला. नाशिकहून मुंबई काही तासांच्या वाटेवर आहे. ते अंतर तुटले नाही.

१९४२ पासून जवळजवळ तीन वर्षे त्यांनी अहमदनगरच्या किल्ल्यात आणि येरवड्यास काढली. आतड्यांच्या विकाराने ते जर्जर झाले होते. देश स्वतंत्र झाल्यावर ते उपपंतप्रधान आणि गृहमंत्री झाले. साडेपाचशेहून अधिक संस्थाने त्यांनी भारतात सामील करून घेतली. त्या राजेरजवाड्यांशी बोलणी करताना त्यांच्या निर्विकार मुद्रेचा देशाला किती उपयोग झाला, हे सांगावयास नकोच.

३० जानेवारी १९४८ रोजी सायंकाळी ते दिल्लीत गांधीजींच्या भेटीस गेले होते. बोलणे लांबले, प्रार्थनेला जाण्यास गांधीजींना उशीर झाला. निरोप घेऊन वल्लभभाई घरी पोचतात न पोचतात, तोच गांधीजींवर गोळ्या झाडल्याची वार्ता आली. ते तसेच माघारी फिरले आणि त्या निश्चेष्ट देहाशेजारी बसले. थोड्याच वेळात पंडित नेहरू आले. ते लहान मुलासारखे रडू लागले. वल्लभभाईंनी त्यांना जवळ घेऊन त्यांचे सांत्वन केले. त्या रात्री दोघांनीही आकाशवाणीवरून देशाला धीर दिला. साऱ्या जगाने दिल्लीत त्या दिवशी अश्रू पाहिले, परंतु सरदारांच्या मुद्रेवर संयमच दिसला.

पाच आठवड्यांनी, ५ मार्च रोजी, दुपारच्या जेवणाच्या सुमारास त्यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला. शुद्धीवर आल्यावर त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. बापू एकटेच गेले, आपणही त्यांच्याबरोबर जावयास निघालो होतो, मग आपणास का अडविले, अशी तक्रार ते भोवतालच्या माणसांकडे करू लागले. पाच आठवडे जे दुःख त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिले नव्हते, तेच हृदयावर आघात करून बाहेर पडले, असे त्यांच्या जवळच्या माणसांना वाटले. शरीर हेही एक साक्षीदारच आहे. त्याच्याकडून सत्य कायमचे लपविता येत नाही.

त्यातूनही ते उठले. २९ मार्च १९४९ रोजी दिल्लीहून जयपूरला जात असता त्यांचे विमान बिघडले आणि वैमानिकाने ते एका कोरड्या नदीच्या पात्रात उतरविले. मणिबेनही बरोबर होत्या. दिल्लीत रात्रीपर्यंत विमानाचा पत्ता लागेना, त्यामुळे सर्वत्र घबराट उडाली. इकडे सरदार मात्र विमानातून उतरून शांतपणे मदतीची वाट पाहत बसले होते. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे त्यांनी जयपुरात राजस्थान राज्याचे उद्घाटन केले.

१९५० च्या अखेरीस त्यांची प्रकृती फारच खालावली. हवापालट म्हणून त्यांना १२ डिसेंबर रोजी मुंबईस आणले. १५ डिसेंबरच्या सकाळी बिर्ला हाऊस येथे त्यांचा अंत झाला. राष्ट्रपती, पंतप्रधान आणि देशातील थोर थोर मंडळी मुंबईस धावून आली. एवढ्या मोठ्या पुरुषाचे दहन गिरगावच्या चौपाटीवर व्हावे, असे ठरले आणि तशी तयारीही सुरू झाली.

तेव्हा मणिबेन पुढे झाल्या आणि त्यांनी वडिलांची इच्छा सांगितली. कोणत्याही सामान्य माणसाप्रमाणे आपल्याला सोनापुरात अग्नी द्यावा, अशी ती इच्छा होती. तेथे त्यांच्या भावाची चिता जळली होती. आणि त्याच्याही आधी, एकेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या जानेवारीत, झवेरबांची.

चौपाटीवरील तयारी थांबविण्यात आली. सरदारांची अंत्ययात्रा सोनापूरकडे वळली.